पुढे कोण येणार?
तांत्रिक लेखकांच्या संघटनेने दिलेला धडा

घरात नवा मिक्सर आला की खोक्यातून एक पातळ पुस्तिका निघते. कोणते भांडे कशासाठी, पाणी किती घालावे, झाकण केव्हा उघडू नये, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. ती पुस्तिका आपण बहुधा कपाटात टाकतो आणि मिक्सर बंद पडला की शोधू लागतो. औषधाच्या खोक्यातील घडीचा कागद, गॅसच्या शेगडीवरील सूचना, बँकेच्या यंत्रावर उमटणारी वाक्ये, मोबाईलमधील 'मदत' या शब्दाखाली दडलेली पाने, हेही सर्व कोणीतरी लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्याचे नाव कोठेही छापत नाहीत. अशा लेखकास तांत्रिक लेखक म्हणतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही या व्यवसायाविषयी लिहीत आहोत ते केवळ नोकरीची माहिती द्यावी म्हणून नव्हे. आपल्या घरांतील कितीतरी मुलेमुली आज पुण्यात, मुंबईत, बंगळूर-हैदराबादेत संगणकाच्या कंपन्यांत काम करतात. त्यांतील काही जण हेच लेखनाचे काम करतात. नोकरी लागली, पगार सुरू झाला, घराचा हप्ता ठरला, की आईवडील सुटकेचा श्वास सोडतात. पण त्याच्या पुढे आणखी एक पायरी आहे. आपल्या व्यवसायाच्या संघटनेत जाणे, तेथे मागच्या बाकावर न बसता एखादी जबाबदारी अंगावर घेणे, ही ती पायरी. तीवर आपली मुले का अडखळतात, चढली तर त्यांना काय मिळते आणि चढताना डोळे का उघडे ठेवावेत, याचा विचार आज आपण करू.

नाव नसलेले लेखक

हे काम नवे नाही. इंग्रजीचा जुना कवी जेफ्री चॉसर याने १३९१च्या सुमारास ताऱ्यांची उंची मोजण्याच्या एका यंत्राविषयी पुस्तिका लिहिली. ती लिहिली कोणासाठी? आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी, धाकट्या लुईससाठी. मुलाला लॅटिन फारसे येत नव्हते, म्हणून बापाने ती साध्या इंग्रजीत लिहिली. ज्याला समजावून सांगावयाचे त्याच्या भाषेत लिहावे, हा या व्यवसायाचा पहिला नियम. तो एका बापाने सहाशे वर्षांपूर्वीच पाळला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने, रडार, तोफा यांची यंत्रे इतकी गुंतागुंतीची झाली की ती वापरणाऱ्या सैनिकांना लेखी सूचनांवाचून चालेना. युद्धानंतर संगणक आले. १९४९ साली अमेरिकेत बायनॅक नावाच्या संगणकाची वापर-पुस्तिका जोसेफ चॅपलाइन यांनी लिहिली. संगणकासाठी लिहिलेली ती पहिली पुस्तिका मानतात. यंत्र बनविणारा इंजिनियर एकीकडे आणि यंत्र चालविणारा माणूस दुसरीकडे, या दोघांमध्ये उभा राहणारा तिसरा माणूस हवा, हे तेव्हापासून उद्योगांना पटू लागले.

परंतु हा तिसरा माणूस कंपनीत एकटा असे. शंभर इंजिनियरांत एक लेखक. त्याच्या कामाची किंमत कोणाला कळत नसे. 'थोडे इंग्रजी नीट करून द्या,' एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. पगार किती असावा, कामाचा दर्जा कशावरून ठरवावा, नवख्याने शिकावे कोठे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. एकटा माणूस अशा प्रश्नांची उत्तरे मिळवू शकत नाही. त्यासाठी चार जणांनी एकत्र बसावे लागते.

तीन गट, एक संघटना

१९५३ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तांत्रिक लेखकांच्या दोन स्वतंत्र संस्था निघाल्या. पश्चिम किनाऱ्यावरही त्याच सुमारास तिसरी निघाली. तिघींचा हेतू एकच, पण चुली तीन. हे चित्र आपल्याला अपरिचित नाही! मात्र त्या लोकांनी पुढे शहाणपण दाखविले. १९५७ साली पूर्वेकडील दोन संस्था एक झाल्या. १९६० साली पश्चिमेकडील संस्थाही त्यांत मिसळली. १९७१ साली या एकत्रित संस्थेने 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' हे नाव घेतले. लोक तिला एस.टी.सी. म्हणत.

इतर देशांतही असेच घडले. ब्रिटनमध्ये १९७२ साली आणि जर्मनीत १९७८ साली तांत्रिक लेखकांच्या संस्था उभ्या राहिल्या. पण पुष्कळ वर्षे सर्वांत मोठी राहिली ती एस.टी.सी. भरभराटीच्या काळात तिचे सभासद वीस हजारांहून अधिक होते. ती त्रैमासिक संशोधन-पत्रिका काढी, मासिक काढी, दरवर्षी मोठे अधिवेशन भरवी, उत्तम पुस्तिकांच्या स्पर्धा घेई. विसावे शतक सरत आले तेव्हा भारतातही तिची शाखा सुरू झाली आणि पुण्यासह अनेक शहरांतील लेखक तिच्या निमित्ताने एकत्र जमू लागले.

या संघटनेने मिळविलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या सरकारी श्रम-आकडेवारी विभागाच्या मार्गदर्शक ग्रंथात तांत्रिक लेखकांची वेगळी नोंद नव्हती. 'लेखक आणि संपादक' या मोठ्या गटात त्यांना घातले जाई. कादंबरीकार, बातमीदार आणि यंत्राची पुस्तिका लिहिणारा, सारे एकाच पोत्यात. संघटनेच्या लोकांनी या विभागाशी पाठपुरावा केला आणि २००९-१०च्या सुमारास तांत्रिक लेखकांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली. ज्याची सरकारी कागदावर वेगळी मोजणी होत नाही त्याचा वेगळा विचारही होत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको.

हे काम कोण करीत होते?

मुख्य कार्यालयात थोडे पगारी कर्मचारी होते. बाकी सर्व डोलारा उभा होता तो स्वेच्छेने काम करणाऱ्या सभासदांवर. शहराशहरांत शाखा. प्रत्येक शाखेला अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. त्यांच्या जोडीला कोणी सभासद-नोंदणी पाहणारा, कोणी कार्यक्रम ठरविणारा, कोणी वार्तापत्र काढणारा, कोणी स्पर्धेसाठी आलेल्या पुस्तिका तपासणारा. एका पैचाही मोबदला नाही. दिवसभर कंपनीत नोकरी करावयाची आणि रात्री किंवा सुटीच्या दिवशी संघटनेचे काम.

वरच्या पातळीवरची एक पद्धत आम्हास विशेष आवडली. संघटनेचा उपाध्यक्ष सभासद निवडून देत. तो एक वर्ष उपाध्यक्ष राही, दुसऱ्या वर्षी आपोआप अध्यक्ष होई आणि तिसऱ्या वर्षी मावळता अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीत बसे. म्हणजे पहिले वर्ष शिकण्याचे, दुसरे करण्याचे, तिसरे शिकविण्याचे. खुर्चीला कोणी चिकटून राहावयाचे नाही आणि नव्या माणसाला एकदम खोल पाण्यात ढकलावयाचेही नाही. आपल्याकडील कितीतरी मंडळांत वीस वीस वर्षे एकच अध्यक्ष असतो आणि तो दमला की मंडळच बसते. त्यांनी या पद्धतीचा विचार अवश्य करावा.

दीर्घकाळ काम केलेल्या सभासदांना संघटना मानाची पदवी देई. पण पदवीसाठी काम करणारे थोडे. मग माणसे का करीत? याचे उत्तर आम्हास एका घरातून मिळाले.

मागच्या बाकावरची मुलगी

आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. आईने उभे आयुष्य शिवणकाम केले. थोरली मुलगी विज्ञानाची पदवीधर, पुण्यातील एका कंपनीत तांत्रिक लेखिका. घरात पदवी घेणारी ती पहिली. शहरातील तांत्रिक लेखकांचा एक गट महिन्यातून एका शनिवारी जमे. ती न चुकता जाई, शेवटच्या रांगेत बसे, वहीत टिपून घेई आणि चहा होताच निघे. दोन वर्षांत तिने तेथे एकही प्रश्न विचारला नव्हता.

एका शनिवारी गटाच्या प्रमुखांनी विचारले, 'पुढच्या वर्षी जमाखर्च कोण पाहणार?' सभागृहात शांतता पसरली. जो तो आपल्या वहीकडे पाहू लागला. अशा वेळी वहीत फारच महत्त्वाचे काहीतरी दिसू लागते, हा अनुभव कोणाला नाही? शेवटी प्रमुखांची नजर तिच्यावर पडली. 'तुम्ही नेहमी येता. तुम्ही घ्याल का?' ती म्हणाली, 'विचार करून सांगते.' मनात मात्र तिने नकार पक्का केला होता.

घरी आल्यावर तिने सहज विषय काढला. 'अण्णा, त्या लोकांनी मला खजिनदार व्हायला सांगितलंय. मी नाही म्हणणार आहे.'

'का गं?'

'तिथे सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात. मोठ्या शाळांतले आहेत. माझं एखादं वाक्य चुकलं तर?'

अण्णा कारखान्याच्या कर्मचारी पतपेढीचे अकरा वर्षे खजिनदार होते. शिक्षण सातवी. त्यांच्या वहीत एका रुपयाचा फरक कधी निघाला नव्हता. ते म्हणाले, 'पोरी, हिशेब इंग्रजीत मांडला म्हणून दोन आणि दोन पाच होतात का? वाक्य चुकलं तर लोक हसतील आणि विसरतील. हिशेब चुकला तर विसरणार नाहीत. तू हिशेब चुकवू नकोस.'

आई मशिनवरून मान वर न करता म्हणाली, 'आणि आठवड्यातला एक तरी दिवस घरी राहा. नाहीतर तुझी खुर्ची तिकडे आणि ताट इकडे वाट बघत राहायचं.'

आम्हास वाटते, वडिलांच्या बोलण्यात जेवढे शहाणपण होते तेवढेच आईच्या बोलण्यातही होते. मुलीने दोन्ही ऐकले. तिने होकार कळविला, पण दोन अटी घातल्या. काम एकच वर्ष करीन आणि रविवारी गटाचे काम करणार नाही. दोन्ही मान्य झाल्या.

पहिल्याच महिन्यात तिला जुन्या हिशेबात एक घोळ सापडला. मागील वर्षी एका कार्यक्रमासाठी सभागृहाची अनामत भरली होती. ती परत मागावयास कोणी गेलेच नव्हते. लबाडी कोणाची नव्हती. सर्वांना वाटले, दुसऱ्याने पाहिले असेल. मुलीने अण्णांच्या पद्धतीने एक साधी वही घातली. तारीख, कारण, आले, गेले, पावती कोणाकडे. मग पत्र लिहून अनामत परत मिळविली. पुढच्या सभेत तिला उभे राहून पाच मिनिटे हिशेब वाचून दाखवावा लागला. पाय लटपटत होते. एका वाक्यात क्रियापद चुकलेही. कोणी हसले नाही. एका ज्येष्ठ लेखिकेने मात्र नंतर येऊन विचारले, 'ही वही आम्हालाही दाखवाल का?'

त्या दिवसानंतर ती शेवटच्या रांगेत बसली नाही.

मिळते काय?

या कामातून तिला जे मिळाले ते या संघटनांतून अनेकांना मिळत आले आहे. तांत्रिक लेखकाचे रोजचे काम एका खोलीत, एका पडद्यासमोर चालते. इंजिनियरकडून माहिती काढावयाची, ती सोपी करून लिहावयाची, कोणी चुका दाखविल्या की सुधारावयाची. या कामात अंदाजपत्रक करावे लागत नाही, सभा चालवावी लागत नाही, चार माणसांकडून वेळेवर काम करून घ्यावे लागत नाही. आणि बढती हवी असेल तर नेमके हेच यावे लागते. कंपनी नवख्या माणसाच्या हाती खात्याचे अंदाजपत्रक देत नाही. संघटना मात्र देते, कारण तिला माणसे हवी असतात. म्हणजे जे शिकावयास कंपनीत दहा वर्षे थांबावे लागते, ते संघटनेत दोन वर्षांत शिकता येते. शिवाय चुकले तर नोकरी जात नाही.

दुसरा लाभ ओळखीचा. 'ओळख' या शब्दाचा आपल्याला थोडा राग येतो, आणि तो रास्तही आहे. ओळखी नसल्यामुळेच आपल्या कितीतरी मुलांच्या संधी हुकल्या. पण ओळख दोन प्रकारची असते. एक जन्माने मिळते. दुसरी, सोबत काम केल्याने. ज्या माणसाने आपला हिशेब पाहिला, आपल्यासोबत खुर्च्या लावल्या, आपण दिलेली वेळ पाळतो हे अनुभवले, तो माणूस उद्या त्याच्या कंपनीत जागा निघाली की आपले नाव घेतो. ती मेहेरबानी नसते. त्याने आपले काम पाहिलेले असते, म्हणून ती साक्ष असते. ज्यांना वारशाने ओळखी मिळाल्या नाहीत त्यांनी ही दुसरी ओळख मिळविलीच पाहिजे.

तिसरा लाभ पुढच्या मुलांचा. नवख्यांना शिकविण्याचे वर्ग कोणत्या दिवशी ठेवावेत, शुल्क किती असावे, विद्यार्थ्यांना सवलत द्यावी की नाही, गावाकडच्या महाविद्यालयात एखादे व्याख्यान ठेवावे की नाही, हे सारे पदाधिकारी ठरवितात. मागच्या बाकावरून हे ठरत नाही. ज्याला शुल्काची अडचण ठाऊक आहे असा एक माणूस त्या बैठकीत असला तर निर्णय वेगळा होतो. तो माणूस आपल्या घरातला का नसावा?

जाते काय?

परंतु नाण्याची एकच बाजू दाखविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वेच्छेने काम करणाऱ्या माणसाला लोक फुकटचा गडी समजू लागतात. जो एक काम करतो त्याच्यावर दुसरे येऊन पडते, दुसरे केले की तिसरे. 'तुम्हालाच चांगले जमते,' हे गोड वाक्य पुष्कळांना महागात पडले आहे. विशेषतः भगिनींनी सावध असावे. या व्यवसायात स्त्रियांची संख्या मोठी आहे. पण चहा, नावनोंदणी, हार-फुले त्यांच्याकडे आणि भाषण, ठराव, सह्या पुरुषांकडे अशी वाटणी कोठेही होऊ शकते. पद घ्यावयाचे तर सहीचेही घ्यावे!

घरच्यांचा वेळही मोजावा. लहान मूल, आजारी सासू, रात्रपाळीचा नवरा असताना ओढाताण करून पद घेण्यात शौर्य नाही. आज नाही म्हणावे, पुढच्या वर्षी हो म्हणावे. नाही म्हणण्याचीही एक रीत असते. 'अध्यक्षपद झेपणार नाही, पण वार्तापत्राचे एक पान दर महिन्याला तपासून देईन,' असे म्हणणारा माणूस संघटनेला हवाच असतो.

२९ जानेवारी २०२५

आता या गोष्टीचा दुःखद भाग. ज्या संघटनेची हकिकत आम्ही वर सांगितली, ती एस.टी.सी. आज अस्तित्वात नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी तिने आपले काम कायमचे बंद केल्याचे जाहीर केले आणि अमेरिकेच्या दिवाळखोरीच्या कायद्यातील सातव्या प्रकरणाखाली अर्ज करण्याचा मार्ग धरला. या प्रकरणाचा अर्थ असा, की संस्था पुन्हा उभी करावयाची नसते. न्यायालयाच्या देखरेखीखाली एक विश्वस्त नेमला जातो, संस्थेजवळ जे काही असेल ते विकले जाते आणि देणेकऱ्यांची देणी शक्य तितकी फेडली जातात. सत्तर वर्षांहून अधिक काळ चाललेले घर असे एका घोषणेने बंद झाले.

का? एका कारणाने असे घडत नाही. सभासद वर्षानुवर्षे घटत गेले. पूर्वी जी माहिती संघटनेच्या मासिकातून किंवा सभेतून मिळे, ती संगणकावर फुकट मिळू लागली. कंपन्या पूर्वी आपल्या लेखकांची वर्गणी भरीत, त्यांनी हात आखडता घेतला. कोरोनाच्या साथीने अधिवेशनांची सवय मोडली. आणि वर्गणी व अधिवेशन हेच तर अशा संघटनेच्या उत्पन्नाचे दोन खांब! खांब खचले, खर्च राहिला, देणी वाढली.

आम्ही ही बातमी वाचली तेव्हा पहिला विचार आला तो त्या हजारो माणसांचा. ज्यांनी सुटीचे दिवस दिले, रात्री जागून वार्तापत्रे काढली, त्यांचे कष्ट वाया गेले काय? आमचे उत्तर आहे, नाही. संस्था बुडाली, पण सभा चालवावयास शिकलेला माणूस बुडाला नाही. कोषाध्यक्ष झालेल्या मुलीला हिशेब येतो तो येतोच. ब्रिटन आणि जर्मनीतील संस्था आहेत. २०१३ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात सुरू झालेला 'राइट द डॉक्स' नावाचा मेळा आहे. तोही स्वेच्छेने काम करणाऱ्यांच्याच बळावर जगभर पसरला. एका घरात शिकलेली माणसे दुसरे घर बांधू शकतात.

पण दुसरा विचारही आला आणि तो कडू आहे. संघटनेवर प्रेम करणे वेगळे आणि तिचा ताळेबंद वाचणे वेगळे. कार्यक्रम करावयास पुष्कळ माणसे पुढे येतात. हार घालावयास त्याहून अधिक येतात. 'आपल्याजवळ किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे?' हा प्रश्न विचारणारे मात्र थोडे असतात आणि त्यांचे कोणाला फारसे कौतुक नसते. कोणतीही संस्था, ती अमेरिकेतील असो वा आपल्या गल्लीतील, हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला जपेल तर टिकेल.

पुढे येण्यापूर्वी

आपल्या मुलामुलींना कोणत्याही व्यावसायिक संघटनेत पद स्वीकारण्याचे आमंत्रण आले, तर त्यांनी पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात.

संस्था नोंदलेली आहे काय? आपल्याकडे अशा संस्था सामान्यतः १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदतात. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशीही त्यांचा संबंध येतो. नोंदणी नसेल तर पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे विचारावे.

मागील तीन वर्षांचा जमाखर्च पाहावयास मिळेल काय? जो पदाधिकारी हा प्रश्न ऐकून रागावतो, त्याच्यासोबत काम करू नये.

पदाची मुदत किती? काम नेमके कोणते? ते लेखी मिळेल काय? दुसऱ्यांसाठी सूचना लिहून पोट भरणाऱ्या माणसांनी स्वतःच्या कामाच्या सूचना लेखी मागू नयेत, हे हास्यास्पद नव्हे काय?

आधीचा पदाधिकारी महिनाभर सोबत राहील काय? वही, पावत्या, परवलीचे शब्द हाती कसे येतील?

आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारावा. मी जाईन तेव्हा माझ्या जागी कोण येईल? पहिल्याच दिवसापासून आपल्या जागी येणारा माणूस शोधू लागतो तो खरा कार्यकर्ता.

आईवडिलांना दोन शब्द

आपण मुलांना शिकविले. आता ती ज्या जगात वावरतात ते आपल्याला पूर्ण समजत नाही, असे पुष्कळ आईवडिलांना वाटते आणि ते गप्प बसतात. गप्प बसू नका. तुम्ही पतपेढी चालविली आहे, भिशी सांभाळली आहे, वस्तीतील मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या फाडल्या आहेत, कर्मचाऱ्यांच्या सभेत ठराव मांडले आहेत. नाव इंग्रजी असले म्हणून संघटना वेगळी होत नाही. तेथेही खुर्च्या लावाव्या लागतात, रुसलेल्याला समजवावे लागते आणि रात्री शिल्लक मोजावी लागते. तुमचा तो अनुभव तुमच्या मुलीच्या पदवीइतकाच मोलाचा आहे. तो तिला सांगा.

त्या घरातील मुलीचे एक वर्ष संपले तेव्हा तिने हिशेबाची वही पुढच्या खजिनदाराच्या हाती दिली. तो एक तरुण मुलगा होता, तिच्यासारखाच नेहमी शेवटच्या रांगेत बसणारा. त्याला तिनेच शोधले होते. तो म्हणाला, 'ताई, मला जमेल का?' तिने त्याला अण्णांचे दोन आणि दोनचे वाक्य सांगितले. मग वहीच्या पहिल्या पानावर तिनेच लिहिलेल्या सूचना दाखविल्या. पहिली सूचना अशी होती: 'अनामत परत मागावयास विसरू नये.'

त्या वहीवर लिहिणारीचे नाव नाही. तांत्रिक लेखिकाच ती! परंतु वही चालू आहे, हिशेब लागतो आहे आणि शेवटच्या रांगेतून आणखी एक माणूस पुढे आला आहे. पुढच्या शनिवारी जेव्हा कोणी विचारील, 'पुढे कोण येणार?', तेव्हा आपल्या घरातील मुलामुलींनी वहीकडे पाहू नये. मान वर करावी.